अवर्णनीय, अनिर्वचनीय, शब्दातीत : कुठे कोणता शब्द?

प्रश्न असा आहे. गुहागरजवळच्या एका न्याहारी-निवासाच्या माहितीपत्रकासाठी पुढील मजकूर तयार झाला आहे : 'आमच्या येथील समुद्रकिनाऱ्याचे सौंदर्य अतिशय अवर्णनिय असून सुर्यास्ताचा अनुभव शब्दातित आहे, तर आईच्या हातच्या जेवणाची चव केवळ अनिर्वचनीय!' या तिन्ही शब्दांचा अर्थ एकच का, शुद्ध रूपे कोणती, कोणता शब्द कुठे शोभतो आणि दुःखाच्या प्रसंगी 'अवर्णनीय' चालते का, असे विचारले आहे.

थोडक्यात उत्तर : अर्थ एक नाही. सुखदुःख, देखावा, हाल अशा रोजच्या लेखनात 'अवर्णनीय' पुरेसा आहे. 'शब्दातीत' आतल्या अनुभवासाठी राखून ठेवावा. 'अनिर्वचनीय' हा तत्त्वज्ञानातला पारिभाषिक शब्द आहे, त्याला जेवणाच्या पानावर वाढू नये. दुःखाला 'अवर्णनीय' पूर्णपणे चालतो. आणि या माहितीपत्रकात खरे तर तिघांपैकी एकाचीही गरज नाही. असे का, ते आता तपशिलाने पाहू.

आधी शुद्धलेखन, कारण छापून आल्यावर तेच आधी डोळ्यांत भरते. 'अवर्णनीय'मधला 'नी' दीर्घ. 'अनीय' हा संस्कृत प्रत्यय आहे आणि तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांतले शेवटचे अक्षर सोडून बाकीचे इकार-उकार मराठीत मूळ संस्कृतप्रमाणे ठेवायचे, हा नियम आहे. म्हणून माननीय, वंदनीय, शोचनीय, अवर्णनीय, सगळीकडे दीर्घ. 'शब्दातीत'मधला 'ती'ही दीर्घ, पण त्याचे कारण वेगळे : अति + इत, इ अधिक इ मिळून ई. 'अतींद्रिय' आणि 'अतीत' दोन्ही याच संधीतून आले. 'अतिशय'मध्ये पुढे स्वर नाही, म्हणून तिथे 'ति' ह्रस्व राहतो. 'अतिशय' डोळ्यांना सरावाचा असतो, त्यामुळे 'शब्दातित' लिहिताना चूक जाणवत नाही. 'सूर्यास्त'मधला 'सू' दीर्घ आहे, तेही दुरुस्त करा.

'अवर्णणीय' असेही पुष्कळदा दिसते. 'रमणीय', 'स्मरणीय', 'आदरणीय' यांत ण आहे, मग इथे न का? नियम असा : एकाच पदात र, ऋ किंवा ष नंतर आलेल्या 'न'चा 'ण' होतो. मध्ये स्वर, क-वर्ग, प-वर्ग, अनुस्वार किंवा ह, य, व, र आले तरी होतो. 'रमणीय'मध्ये मध्ये 'म' आहे, तो प-वर्गातला, म्हणून ण. मध्ये च, ट, त या वर्गांतले अक्षर किंवा श, स, ल आले की हा बदल अडतो. 'दर्शनीय'मध्ये श आडवा येतो, 'प्रार्थनीय'मध्ये थ, 'अनिर्वचनीय'मध्ये च. 'वर्णनीय'मध्ये र् नंतर आधीच धातूचा ण आहे, तो ट-वर्गातला, म्हणून त्याच्या पुढचा 'न' तसाच राहतो. एवढे एकदा पक्के केले की 'प्रेक्षणीय स्थळे' आणि 'दर्शनीय भाग' यांतला फरक पाठ करावा लागत नाही.

'अवर्णीय' मात्र या शब्दाचे आखूड रूप नव्हे. 'वर्णीय' म्हणजे वर्णासंबंधीचा, आणि ती वाट भलतीकडेच जाते. आखूड रूपच हवे असेल तर 'अवर्ण्य' आहे, पण ते आज कानाला परके वाटते.

आता अर्थाकडे. वर्ण् धातूचे धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, तीन अर्थ दिले आहेत : रंग देणे, विस्तार करणे आणि गुण सांगणे. आपण एखाद्या गोष्टीचे 'वर्णन' करतो तेव्हा हीच तीन कामे करत असतो. रंगरूप दाखवतो, तपशील पसरून सांगतो, काय चांगले काय वाईट ते बोलतो. 'अवर्णनीय' म्हणजे ही तिन्ही कामे करूनही जे पुरेसे सांगून होत नाही ते. वस्तू कोणती याबद्दल शंका नसते. सूर्यास्त आहे, आनंद आहे, हाल आहेत, सगळे माहीत आहे. कमी पडते ते फक्त वर्णन.

'अनीय', 'य' आणि 'तव्य' या प्रत्ययांना दोन बाजू असतात, एक शक्यतेची आणि दुसरी योग्यतेची. 'पूजनीय' म्हणजे पूजा करता येईल असा नव्हे, पूजा करावी असा. उलट 'अविस्मरणीय' म्हणजे विसरू नये असे नव्हे, विसरता येत नाही असे. 'अवर्णनीय' शक्यतेच्या बाजूला आहे, वर्णन करता येत नाही ते. पण त्याचा चुलतभाऊ 'अवाच्य' योग्यतेच्या बाजूला गेला आहे. 'अवाच्य शब्द' म्हणजे तोंडाने उच्चारू नयेत असे, अर्थात शिव्या. 'देवाचे रूप अवाच्य आहे' असे कुणी सद्भावनेने लिहिले तर जुन्या पोथीत ते खपेल, आजच्या वाचकाला खटकेल. तिथे 'अवर्णनीय' किंवा 'शब्दातीत' लिहावे.

'अनिर्वचनीय'ची फोड अ + निर्वचनीय. काही जण 'अन् + इर्वचनीय' अशी करतात, ती चूक. निर्वचन म्हणजे नेमके, निश्चित करून सांगणे, हे अमुकच आहे असा निवाडा देणे. म्हणून अनिर्वचनीय म्हणजे केवळ वर्णन न होणारे नव्हे, तर ज्याचा निवाडाच करता येत नाही ते. अद्वैत वेदान्तात मायेला हा शब्द लावतात, कारण ती 'आहे' असेही म्हणता येत नाही आणि 'नाही' असेही म्हणता येत नाही. त्यासाठी तिथे दिला जाणारा दृष्टान्त कोकणातल्या माणसाच्या पायाखालचाच आहे. ओहोटीच्या वेळी पुळणीवरून चालताना पुढे वाळूत काहीतरी चकाकते. चांदीचा तुकडा वाटतो, माणूस वाकतो, हात घालतो, आणि हातात येतो शिंपल्याचा कपचा, आतली बाजू वर झालेला. आता ती चांदी होती का? होती म्हणावी, तर हातात शिंपला आहे. मुळीच नव्हती म्हणावी, तर सशाच्या शिंगासारखी नव्हती असेही नाही. सशाचे शिंग कधी कुणाला दिसत नाही, आणि चांदी तर डोळ्यांना दिसली, तिच्यासाठी कंबर वाकली. आहे आणि नाही या दोन्ही खान्यांत न बसणारी ती चांदी म्हणजे अनिर्वचनीय.

हे ध्यानात घेतले की आईच्या हातच्या चवीला हा शब्द का लागत नाही ते उमगते. चव आहे की नाही असा तिथे प्रश्नच नसतो. भक्तिपरंपरेत मात्र हा शब्द थोडा मऊ होऊन आला आहे. नारदभक्तिसूत्रांत प्रेमाचे स्वरूप अनिर्वचनीय म्हटले आहे आणि लगेच पुढच्या सूत्रात मुक्याने चाखलेल्या चवीची उपमा दिली आहे. म्हणजे चव इथेही येते, पण उपमा म्हणून, आणि बोलणे आहे ते प्रेमाविषयी. कीर्तनात, प्रवचनात, ध्यानाच्या अनुभवाविषयी लिहिताना 'अनिर्वचनीय आनंद' शोभतो. हॉटेलच्या पाटीवर शोभत नाही.

'शब्दातीत' आणि 'वर्णनातीत' हे द्वितीया तत्पुरुष समास : शब्दांना ओलांडून गेलेले, वर्णनाला ओलांडून गेलेले. इथे नकार नाही, हालचाल आहे. 'अवर्णनीय'मध्ये बोलणारा म्हणतो की वर्णन करता येत नाही. 'शब्दातीत'मध्ये अनुभवच पुढे निघून गेलेला असतो आणि शब्द मागे राहिलेले असतात. म्हणून गाणे ऐकून झाल्यावरची शांतता, तान्ह्या मुलाने पहिल्यांदा बोट धरणे, समाधीचा अनुभव, अशा ठिकाणी 'शब्दातीत' बसतो. डोळ्यांसमोरच्या मोजता येणाऱ्या गोष्टीला तो लावला की फुगतो. 'शब्दातीत रस्ते', 'शब्दातीत खोल्या' ही रूपे कानालाच सांगतात की काहीतरी चुकले. 'कल्पनातीत' आणखी वेगळा. अनुभव येण्याआधी मनात जे येऊ शकले नसते ते कल्पनातीत. एखादी गोष्ट कल्पनातीत असूनही अगदी सहज वर्णन करता येते.

इथेच या सगळ्या घराण्याची किल्ली आहे. 'अ' किंवा 'अन्' लागलेला प्रत्येक शब्द वेगळ्या गोष्टीला नाही म्हणतो. अप्रतिम म्हणजे ज्याची प्रतिमा, जोड नाही. अनुपम म्हणजे ज्याला उपमा नाही. अपूर्व म्हणजे जे पूर्वी झाले नाही, म्हणून 'दरवर्षीप्रमाणे यंदाही अपूर्व उत्साहात' या वाक्याचे दोन तुकडे एकमेकांशी भांडतात. अलौकिक म्हणजे या लोकातले नव्हे. अथांग म्हणजे ज्याचा थांग, तळाचा पत्ता, लागत नाही. मासेमारीला जाणारे लोक पाण्याची खोली वावांत सांगतात. दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर म्हणजे एक वाव, साधारण सहा फूट. तेव्हा ज्या पाण्याला कुणी 'चार वाव' म्हणून मोकळा होतो, त्या खाडीला अथांग म्हणू नये. लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे की मला नेमके काय नाकारायचे आहे : तुलना, मोजमाप, खोली, पूर्वीचा अनुभव की वर्णन? उत्तर 'वर्णन' असेल तरच 'अवर्णनीय'.

वाक्यात वापरताना दोन-तीन ठिकाणी पाय घसरतो. 'अतिशय अवर्णनीय', 'सर्वांत अवर्णनीय', 'थोडेसे अवर्णनीय' ही रूपे टाळावीत. जे सांगताच येत नाही त्यात कमी-जास्त कसे करणार? 'केवळ' मात्र चालतो, कारण तो प्रमाण वाढवत नाही, 'दुसरे काही नाही, हेच' एवढेच म्हणतो. 'केवळ अप्रतिम', 'केवळ अवर्णनीय' ही अस्सल मराठी वळणे आहेत. दुसरे, 'शब्दांत सांगता न येणारे अवर्णनीय सौंदर्य' ही पुनरुक्ती आहे, दोघांपैकी एकच ठेवा. आणि तिथे 'शब्दांत' असे अनुस्वारासह लिहा, कारण शब्द अनेक आहेत. तिसरे, 'अवर्णनीयपणे सुंदर' किंवा 'अवर्णनीय सुंदर' ही रचना मराठीला जड जाते. हे विशेषण नामालाच जोडावे : अवर्णनीय आनंद, अवर्णनीय शांतता, अवर्णनीय हाल. अकारान्त असल्यामुळे लिंग, वचन, विभक्ती काहीही आले तरी त्याचे रूप बदलत नाही, 'अवर्णनीय आनंदाने', 'अवर्णनीय यातनांतून'.

बोलताना हा शब्द सहसा कुणी वापरत नाही, आणि त्यात भाषेचे दारिद्र्य नाही. मराठीकडे या कामासाठी स्वतःची फार बारीक हत्यारे आहेत. हर्णैच्या बंदरात संध्याकाळच्या लिलावाला गर्दी 'म्हणजे विचारू नका'. पावसात घाटातल्या रस्त्याची दशा 'सांगता सोय नाही'. लग्नातला थाट 'वर्णावा तितका थोडा'. मालवण-कुडाळकडे नुसते 'काय सांगू तुका!' एवढे म्हणून माणूस थांबतो आणि पुढचे ऐकणाऱ्याला समजते. यांतही वाटणी आहे. 'वर्णावे तितके थोडे' फक्त चांगल्याला. 'सांगता सोय नाही' बहुधा वाईटाला. 'विचारू नका' दोन्हीकडे, पण त्यात प्रमाणाची भावना आहे, गर्दी, ऊन, घाई, महागाई, आनंद अशा ओसंडणाऱ्या गोष्टींसाठी.

सगळ्यांत सुंदर सोय क्रियापदात आहे. 'सांगता येत नाही' आणि 'सांगवत नाही' यांतला फरक पाहा. 'सांगता येत नाही' म्हणजे मार्ग सापडत नाही, शब्द नाहीत किंवा माहिती नाही. 'सांगवत नाही' म्हणजे माहिती आहे, शब्दही आहेत, पण सांगणाऱ्याच्या अंगी ते बोलण्याचे बळ नाही. हे शक्य क्रियापद. कर्ता 'मला' किंवा 'माझ्याने' असा येतो : आजीला चढण चढवत नाही, माझ्याने ते बघवत नाही. पहिल्यात उणीव भाषेची, दुसऱ्यात जिवाची. 'अवर्णनीय' या एका संस्कृत शब्दात हे दोन्ही अर्थ मिसळून जातात, मराठी क्रियापद ते वेगळे ठेवते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वर्षानुवर्षे जोपासलेल्या पोफळी एका दुपारी मोडून पडलेल्या पाहणाऱ्याबद्दल 'त्याचे दुःख अवर्णनीय होते' असे लिहिण्यापेक्षा 'त्याला वाडीकडे बघवत नव्हते' हे वाक्य वाचकाला त्या माणसाच्या शेजारी उभे करते.

दुःखाबद्दलच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. 'अवर्णनीय' स्वतः ना सुखाचा ना दुःखाचा. यातना, हाल, शोक, पोकळी या सर्वांना तो लागतो. शोकसंदेशात 'आपल्यावर कोसळलेले दुःख अवर्णनीय आहे' हे वाक्य सभ्य आणि बिनचूक आहे. 'अनुपम', 'अप्रतिम' मात्र फक्त चांगल्यासाठीच, ते चुकूनही तिथे नकोत. एका ठिकाणी मात्र 'अवर्णनीय' कटाक्षाने टाळावा, ते म्हणजे नुकसानभरपाईचा अर्ज. 'वादळामुळे बागेचे अवर्णनीय नुकसान झाले' या वाक्यावर पंचनामा करणाऱ्याला काहीच करता येत नाही. किती गुंठ्यांतली बाग, नारळ किती, पोफळी किती, उत्पन्न देणारी झाडे किती, उन्मळलेली किती आणि शेंडा मोडलेली किती, घराची कौले की पत्रे, असे आकडे लिहावेत. अर्जात भावना लिहू नये असे नाही, पण ती आकड्यांनंतर.

आता तुमच्या मजकुराकडे वळू. 'सौंदर्य अवर्णनीय आहे' हे वाक्य रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही किनाऱ्याला चिकटवता येते. जे वाक्य सगळ्यांना लागू पडते त्यातून तुमचे घर दिसत नाही. तिथला सूर्यास्त वर्णन करण्याच्या पलीकडचा आहे का? पाहू. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास नैर्ऋत्येकडे सरकून बुडतो, जूनच्या तोंडावर सात वाजून गेल्यावर वायव्येकडे. बिंबाची खालची कड पाण्याला टेकल्यापासून सगळे बिंब बुडेपर्यंत या भागात सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. क्षितिजालगत हवेतून येताना प्रकाश वाकतो, खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचललेली दिसते, म्हणून शेवटी बिंब गोल न राहता चपटे, भाकरीसारखे होते. हे सगळे सांगता येते, आणि सांगितले की वाचणारा घड्याळ पाहून पुळणीवर येतो.

चवीचेही तेच. बांगड्याच्या कालवणात तिरफळ असेल तर तेवढेच लिहा. तिरफळाचे मधले काळे बी कडू असते, ते काढून टाकतात. वरचे कवच मसाल्यात न वाटता ठेचून अखेरीस घालतात. घास गिळल्यावर जिभेच्या टोकाला बारीक झिणझिण्या येतात आणि लिंबाच्या सालीसारखा वास नाकाशी रेंगाळतो. ज्याने तिरफळ कधी खाल्ले नाही त्यालाही यातून काहीतरी पोहोचते. 'चव अनिर्वचनीय' यातून काहीच पोहोचत नाही.

मग हे शब्द वापरायचे कधी? वर्णन करून थकल्यावर. आधी जे जे सांगता येते ते प्रामाणिकपणे सांगून घ्यावे, आणि तरीही काही उरले आहे असे वाटले तर तिथे, एकदाच, 'अवर्णनीय' ठेवावा. हिवाळ्याच्या अंधाऱ्या रात्री कोकणच्या काही किनाऱ्यांवर लाटा निळ्या उजळतात, त्याचे उदाहरण घ्या. पाण्यात नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव दाटलेले असतात, पाणी हलले की ते उजळतात, स्थिर असले की नाही. फुटणाऱ्या लाटेच्या कडेला निळी रेघ धावते, ओल्या वाळूत पाऊल टेकवले की ठशाभोवती ठिणग्या उमटतात आणि दुसरे पाऊल उचलेपर्यंत विझतात. एवढे लिहून झाल्यावर 'तो अनुभव अवर्णनीय आहे' असे म्हटले तर वाचक मानतो. पहिल्याच ओळीत म्हटले तर मानत नाही. एका पानावर हा शब्द दोनदा आला तर दुसऱ्याने पहिल्याचे वजन उतरते, तेव्हा छापण्यापूर्वी मजकुरात शोधून मोजून घ्या.

नव्याने लिहिलेला मजकूर असा असू शकेल. अंतरे आणि पदार्थ तुमच्याकडचे खरे आहेत तेच घाला :

'घराच्या मागच्या बाजूने सुरूच्या बनातून पायवाट थेट पुळणीवर उतरते. सूर्यास्त पाहायचा असेल तर डिसेंबरात पावणेसहाला, मे महिन्यात पावणेसातला निघा. बिंब पाण्याला टेकले की जेमतेम अडीच मिनिटे मिळतात, तेवढ्यासाठी फोन खिशात ठेवा. रात्रीच्या जेवणात तिरफळ घातलेले बांगड्याचे कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. शाकाहारी पाहुण्यांसाठी डाळिंब्यांची उसळ आणि केळीच्या पानावर गरम उकडीचे मोदक. मोदक हवे असल्यास आदल्या दिवशी सांगावे, पिठी ताजी दळावी लागते.'

यात 'अवर्णनीय' कुठेच नाही. ठेवायचाच असेल तर त्याला एकच जागा आहे, फोन खिशात ठेवण्याच्या वाक्यानंतर, आणि तिथेही मराठी वळण जास्त बरे वाटेल : 'पुढचे सांगून समजायचे नाही.'